‘विंचू चावला’ कुणाचं ऐकावं?

माझी सगळी नोकरी रायगड जिल्ह्यात गेली, ग्रामीण रुग्णालयात. ३१ वर्षं परिचारिका होते आणि त्यातल्या निम्म्या रात्री ड्यूटीवर काढल्या. पहिला पाऊस पडला की विंचवाचे पेशंट सुरू व्हायचे, आणि पुन्हा भातकापणीच्या दिवसांत. कौलातून अंगावर पडलेला, शेणींच्या ढिगात हात घातला तेव्हा नांगी मारलेला, पेंढ्यात दडून बसलेला. त्यामुळे एकनाथ महाराजांचं ‘विंचू चावला’ हे भारूड मला लहानपणी जसं ऐकू यायचं, तसं नोकरीला लागल्यावर ऐकू येईनासं झालं. लहानपणी ते हसण्याचं गाणं होतं. एक माणूस ओरडत, लंगडत येतो आणि आपण हसतो, एवढंच.

गेली काही वर्षं मी हे भारूड जिथे मिळेल तिथे ऐकते. जे ऐकलं त्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, ते इथे लिहिते आहे. आधी शब्द, कारण बहुतेकांना पहिल्या दोन ओळींपलीकडे ते माहीत नसतात:

विंचू चावला, वृश्चिक चावला
कामक्रोध विंचू चावला
तम घाम अंगासी आला

पंचप्राण व्याकुळ झाला
त्याने माझा प्राण चालिला
सर्वांगाचा दाह झाला

मनुष्य इंगळी अति दारुण
मज नांगा मारिला तिने
सर्वांगी वेदना जाण त्या इंगळीची

या विंचवाला उतारा
तमोगुण मागे सारा
सत्त्वगुण लावा अंगारा
विंचू इंगळी उतरे झरझरा

सत्त्व उतारा देऊन
अवघा सारिला तमोगुण
किंचित राहिली फुणफुण
शांत केली जनार्दने

सोळाव्या शतकात पैठणला बसून लिहिलेले हे शब्द आहेत. पण ‘घाम’ हा शब्द बघा. विंचू चावला की ठणका लागतो, हे कुणीही सांगेल. घामाचं मात्र ज्याने जवळून पाहिलंय तोच सांगतो. आमच्याकडे पेशंट आला आणि जीव खाऊन ओरडत असला, तर आम्ही मनातून जरा निश्चिंत व्हायचो. नुसता ठणका असेल तर माणूस बहुधा वाचतो. ज्याला दरदरून घाम फुटलाय, हातपाय गार पडलेत, उलटी झालीय आणि जो गप्प आहे, त्याच्यामागे धावायचं. कोकणातला लाल विंचू दिसायला लहान, पण त्याचं विष हृदयावर जातं. एकदा रात्री अकराच्या सुमाराला एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. “मघापासून रडत होता सिस्टर, आता शांत झालाय,” असं ती हायसं वाटून सांगत होती. मी त्याचा हात धरला तर तो पाण्यातून काढल्यासारखा गार आणि ओला. शर्ट पाठीला चिकटला होता. त्या रात्री आम्ही कुणीच बसलो नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली, तेव्हापासून अशी मुलं वाचायला लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरातलं कुणी गौरवलं गेल्यासारखं वाटलं. तो मुलगा सकाळी उठून चहा मागत होता.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की ‘तम घाम अंगासी आला’ ही ओळ कुणी कशी गातं, इकडे माझा कान आपोआप जातो. दुसरी जागा ‘फुणफुण’. तिच्याकडे नंतर येते.

सुरुवात सगळ्यांसारखी माझीही शाहीर साबळ्यांपासून. आकाशवाणीवर ते लागायचं, पुढे कॅसेटवर ऐकलं, आता मोबाइलवर आहे. कृष्णराव साबळे मूळचे वाईजवळच्या पसरणीचे, १९२३ चा जन्म. २०२३ साली जे राज्यगीत झालं ते आपण सगळे शाळेपासून त्यांच्याच आवाजात ऐकत आलो. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ त्यांनी गावोगाव नेली, आणि लोककला म्हणजे जत्रेत बघायची वस्तू असं ज्यांना वाटत होतं त्यांना खुर्चीत बसवून ऐकवली. त्यांचं ‘विंचू चावला’ ऐकताना पहिल्यांदा जाणवतो तो आवाजाचा खडेपणा. कुठेही गोडवा आणायची धडपड नाही. गळा उंच लागतो, धार निघते आणि शब्द मात्र एकही पुसट होत नाही. मैदानातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं गायची सवय त्या गळ्याला होती.

त्यांच्यामुळे मला ‘विंचू चावला, वृश्चिक चावला’ या जोडीतली गंमत कळली. विंचू घरातला, वृश्चिक पंचांगातला. नांगर धरणाऱ्याला जो चावतो तोच पोथी वाचणाऱ्यालाही. साबळे दोन्ही शब्द सारख्याच कळवळ्याने म्हणतात, एकाला गावंढळ आणि दुसऱ्याला भारदस्त करत नाहीत. नंतरच्या कितीतरी जणांनी ‘वृश्चिक’वर उगाच डोळे मोठे करून हशा मागितलेला मी पाहिलाय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. ज्याने हे भारूड कधीच ऐकलं नाही, त्याने साबळ्यांपासूनच सुरुवात करावी. चावण्याचा क्षण, ती कळ, तो आकांत त्यांच्याइतका खरा दुसऱ्या कुठल्या ध्वनिमुद्रणात मी ऐकला नाही. मात्र त्यांचं ऐकून उठताना माझ्या मनात राहतो तो ‘चावला’. उतारा मला दुसरीकडे सापडला.

आमच्या गावच्या भजनी मंडळाचं सांगते. गणपतीत दीड दिवसाच्या घरापासून अकरा दिवसांच्या घरापर्यंत त्यांची फेरी असते. बुवा पेटीवर, पखवाज, झांजा, आणि मागे पंधरा-वीस जण. ते भारूड घेतात ते गजरासारखं. लय चढवत चढवत नेतात, शेवटी शब्द कुणालाच कळत नाहीत आणि सगळं घर हलतं. पोरं नाचतात, म्हातारी माणसं मान डोलावतात. मला ते आवडतं, गणपतीत आवडतंच. पण ‘तम घाम’चं तिथे कधीच ‘घामाघूम’ होऊन गेलंय. मी एकदा बुवांना म्हटलं, “बुवा, तम म्हणजे अंधार. तमोगुणाचा घाम, असं आहे ते.” ते म्हणाले, “ताई, आमच्या वडलांपासून असंच आहे.” पुढच्या वर्षी मात्र त्यांनी ‘तम घाम’ म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या एका शब्दासाठी मी त्यांना आणखी दोन गजर घ्यायला लावले. चाल पळतीच राहिली, पण शब्द जागेवर आला.

एका मोठ्या नाट्यगृहात अभंगांच्या कार्यक्रमाला गेले होते. गायिका शास्त्रीय संगीत शिकलेल्या, तयारी उत्तम, सूर इतके जागेवर की ऐकताना अंग सैलावतं. त्यांनी ‘विंचू चावला’ विलंबित लयीत घेतलं. ‘व्याकुळ’ या शब्दावर त्यांनी जे काम केलं ते मी विसरणार नाही, एकेक स्वर चाचपडत खाली येत होता. पण विंचू कुठे होता? चावल्यावर माणूस असा सावरून, तंबोऱ्याला टेकून बोलत नाही. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, “किती शांत वाटलं.” भारुडाच्या पहिल्याच कडव्यात शांत वाटायला लागलं, तर नाथांच्या गुरूंनी, जनार्दनांनी, शेवटी काय शांत करायचं?

शाळेच्या स्नेहसंमेलनातलं भारूड हा वेगळाच प्रकार. मुलं कापडाचा विंचू घेऊन येतात, पालक फोटो काढतात. त्यावर मत देणं बरं नाही. मुलांच्या तोंडी नाथांचे शब्द बसतात, ते पुढे कधीतरी उगवतील.

भाच्याने मोबाइलवर एका तरुण बँडचं ऐकवलं. गिटार, ड्रम, मागे बेस. सुरुवात मला मनापासून आवडली. बेस गिटार अगदी दबकत येतं, थांबतं, परत दोन पावलं सरकतं. अंधारात भिंतीवरून काहीतरी चालतंय असं वाटतं. आजवर कुठल्याही पखवाजवाल्याला विंचू चावण्याआधीचा विंचू दाखवता आला नव्हता, तो या पोरांनी दाखवला. मग गायक आला, मुलाचा आवाज चांगला, मोकळा. ‘विंचू चावला’ आठ वेळा, बारा वेळा, मग ‘इंगळी अति दारुण’वर (इंगळी म्हणजे मोठा विंचू) ड्रमचा गडगडाट. आणि गाणं संपलं. मी भाच्याला विचारलं, “पुढचं?” तो म्हणाला, “एवढंच आहे.”

मला त्या रात्री झोप लागली नाही, हे अगदी खरं सांगते. त्यांनी उतारा गाळला. पाचातली शेवटची दोन कडवी गाळली. रस्त्यात पडलेल्या माणसाला बघून, त्याचं ओरडणं टेप करून निघून जावं, तसं ते वाटलं. नाथांनी हे दुखण्याचं गाणं म्हणून लिहिलेलंच नाही. आधी काय झालंय ते सांगितलं, ते किती पसरलंय ते सांगितलं, कशाने उतरेल ते सांगितलं आणि उतरल्यावर काय उरतं तेही सांगितलं. आमच्या केसपेपरावरसुद्धा हाच क्रम असतो. त्या मुलांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, तुमचा बेस तसाच ठेवा आणि उरलेली सात-आठ ओळींची वाट पुरी करा. ‘उतरे झरझरा’ला तुमच्या ड्रमवाल्याच्या हातात काय काय करता येईल याचा विचार करा. झरझरा हा शब्दच ड्रमचा आहे.

आता फुणफुण.

विंचवाचा पेशंट दुसऱ्या दिवशी बरा असतो. बीपी जागेवर, नाडी जागेवर, भूक लागलेली. घरी सोडण्याआधी आम्ही विचारायचो, कसं वाटतंय? चावला त्या बोटात काहीतरी उरलेलं असायचं. कुणी म्हणायचं मुंग्या येतात, कुणी म्हणायचं जड वाटतं. एका पावसाळ्यात सत्तरीच्या एक आजी होत्या. पायाच्या अंगठ्याला चावला होता. मी अंगठा हातात घेऊन विचारलं, “आजी, अजून दुखतंय का हो?” त्यांनी जरा वेळ अंगठ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “दुकत नाय गो बाय. जराशी फुणफुण हाय.”

मी तो शब्द तोवर फक्त भारुडात ऐकला होता. ती ओळ यमकासाठी आलीय असंच मला वाटायचं, ‘गुण’ला ‘फुणफुण’. आजींनी तो असा सहज वापरला, जसा आपण ‘सर्दी’ म्हणतो. नाथांनीही तो कुणाच्या तरी ओट्यावर, कुणाचा तरी पाय हातात घेऊन ऐकला असणार, असं त्या दिवसापासून मला वाटतं. आणि मग त्यांचा प्रामाणिकपणा लक्षात आला. सत्त्वगुणाचा अंगारा लावला, विष उतरलं, सगळं कसं साफ झालं, असं ते सांगत नाहीत. किंचित राहिली म्हणतात. राग आवरला तरी त्याची धग जरा वेळ राहतेच ना, तशी. ती शेवटची उरलेली स्वतःला शांत करता आली नाही, ती गुरूंनी केली. देवगिरीच्या जनार्दनस्वामींचं नाव जवळजवळ प्रत्येक रचनेत येतं, पण इथे ते नुसती मुद्रा म्हणून आलेलं नाही, त्यांना काम दिलंय.

मी जी जी रूपं ऐकली त्यात ही ओळ बहुतेक वेळा टाळ्यांत बुडते. गाणं संपत आलेलं असतं, सगळे जोरात असतात, ‘फुणफुण’ एका झटक्यात निघून जाते.

एकाच ठिकाणी ती मला पूर्ण ऐकायला मिळाली. निवृत्तीनंतर दोन वर्षं मी माउलींच्या पालखीबरोबर एका दिंडीत औषधांची पेटी घेऊन चालले. लोणंदचा मुक्काम. संध्याकाळपासून भुरभुर पाऊस होता. माझं काम टाचांचे फोड, अंगावरचे चट्टे, कुणाचं बीपी. रात्री साडेनऊला शेजारच्या दिंडीच्या तंबूत भारूड सुरू झालं म्हणून हात पुसून गेले. भारूड करणाऱ्या बाई साठीच्या असतील. डोक्याला पुरुषासारखं मुंडासं, अंगावर ठिगळाचं घोंगडं. एका पायावर लंगडत आल्या, हसू पिकलं. टाळकऱ्यांनी विचारलं, “कुठं चावला, मावशी?”

“वळखा.”

“पायाला?” नाही. “हाताला?” नाही. “पाठीला?” नाही. प्रत्येक ‘नाही’ला आधीपेक्षा मोठा हशा. मग त्यांनी एक बोट वर नेऊन कपाळावर ठेवलं आणि काहीच बोलल्या नाहीत. हशा हळूहळू थांबला. मग ‘कामक्रोध विंचू चावला’.

आणि ‘तम घाम अंगासी आला’ त्यांनी जवळजवळ कुजबुजत म्हटलं. पखवाजवाल्याने हात काढून घेतला होता, टाळ बंद. मुंडाशाच्या टोकाने त्यांनी गळा पुसला, एकदा, सावकाश. माझ्या अंगावर काटा आला, कारण मला तो शांत झालेला मुलगा आठवला. या बाईंनी विंचवाचा माणूस पाहिलाय हे मला तिथल्या तिथे कळलं. त्यांचा आवाज म्हणाल तर फाटलेला होता. आठवडाभर रोज रात्री गाऊन कुणाचा राहील? वरचा सूर दोनदा निसटला. साबळ्यांच्या रेकॉर्डशेजारी सुरांच्या हिशेबाने हे ठेवताच येणार नाही. तरी मला कुणी एकच निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन.

मधे इंगळीच्या कडव्यात त्यांनी बराच पाल्हाळ लावला, दारूवर, हुंड्यावर, भावाभावांच्या बांधाच्या भांडणावर. ते थोडं लांबलं असं मला वाटलं. मागे बसलेल्या दोघी जणी उठून झोपायलाही गेल्या. पण बांधाच्या भांडणाच्या वेळी माझ्यापुढे बसलेले एक आजोबा मान खाली घालून बसले ते शेवटपर्यंत वर बघेनात, तेव्हा कुणाला काय लागतं ते माझ्या मापाने ठरवू नये.

उतारा आला तशी लय आली. ‘झरझरा’ला त्या स्वतःच्या डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवत खाली आणत होत्या, विंचू उतरवणारे मांत्रिक जसे आणतात तसाच. तीनदा आणला. चौथ्यांदा हात अंगठ्याशी थांबला. पखवाज बारीक झाला. अंगठ्यावर एका बोटाने टक, टक, टक करत त्या म्हणाल्या, “किंचित राहिली… किंचित राहिली…” आणि ‘फुणफुण’ हा शब्द त्यांनी गायलाच नाही, बोलल्या. अगदी आमच्या वॉर्डातल्या आजीसारखा.

मी ते मोबाइलवर टेप केलंय. आवाज खराब आहे, ताडपत्रीवर पाऊस वाजतोय, कुणीतरी खोकतंय, मधेच एक लहान मूल पाणी मागतंय. साबळ्यांचं जिथे मिळेल तिथे चांगल्या आवाजात ऐका, त्याला पर्याय नाही. शब्द पाहायचे तर नाथांच्या गाथेत पाहा, पाचही कडवी डोळ्यांखालून घाला आणि मग ऐका. आणि आषाढात दिंडीच्या मुक्कामाला जायचा योग आला तर रात्री लवकर झोपू नका, तंबूतंबूतून भारुडं चाललेली असतात.

माझ्या टेपमध्ये ‘शांत केली जनार्दने’ झाल्यावर पाच-सहा सेकंद कुणीच काही वाजवत नाही, कुणी टाळी देत नाही. नुसता पाऊस ऐकू येतो. मग ते मूल परत पाणी मागतं, आणि भारूड करणाऱ्या बाईंचा फाटलेला आवाज येतो, “अरे द्या रे कुणीतरी त्याला.”